संजूचा डावा हात

लटकत्या मालाखाली उभं राहणाऱ्याला मी नोकरीभर शिव्या घातल्या. अजूनही सवय गेली नाही. घरात पंख्याच्या बरोबर खाली मी खाट टाकू देत नाही, आणि आमच्या बुढापारा मोहल्ल्यात कुणाच्या घरावर पाण्याची टाकी चढवताना दिसली की स्कूटर थांबवून खालच्या लोकांवर खेकसतो. आमची मंडळी म्हणते, "रिटायर झाले ना आता? मग काहून लोकांशी भांडून राहिले?" तिला काय सांगू! टाकी पडली की पडली. ती कुणाचं ऐकत नाही.

माझं काम रिगिंगचं. आमच्या नातेवाइकांना हा शब्द कधी कळलाच नाही. "खोडके क्रेनवर आहेत," एवढंच ते सांगत. तर साधी गोष्ट अशी: सिलतरा, उरला इकडच्या कारखान्यांत मोठमोठे लोखंडी भाग बसवायचे असतात. बॉयलर, टाक्या, धुराच्या चिमण्यांचे तुकडे. तो भाग कुठून बांधायचा, कसा उचलायचा आणि माणूस न चिरडता जागेवर कसा बसवायचा हे ठरवणारा फोरमन म्हणजे मी. हुकाला लटकलेल्या वस्तूला आम्ही लोड म्हणतो. क्रेन चालवतो तो ऑपरेटर. खाली उभा राहून हातानं इशारे करतो त्याला इथं झंडीवाला म्हणतात, आखातात फ्लॅगमन. बोट वर करून फिरवलं की उचल, तळहात खाली दाबला की सोड, मूठ वळली की थांब. आमचे जुने खलाशी तोंडानं 'हाबेस' म्हणजे वर घे आणि 'आरिया' म्हणजे खाली सोड असं ओरडत, पण इंजिनाच्या आवाजात तोंडावर कोण भरवसा ठेवणार? हाताचा इशारा खरा. आणि इशारा एकानंच करायचा. मालक येऊन नाचला तरी ऑपरेटरनं बघायचं ते त्या एका हाताकडे.

आता गल्फ रिटर्न मंडळींकडे येतो. आखातातून परतलेले लोक आमच्याकडे कामाला येत, आणि त्यांच्या तोंडून काय काय ऐकावं! एका वेल्डरनं जगातल्या सर्वांत उंच इमारतीचं टोक स्वतःच्या हातानं जोडलं होतं. असे टोकवाले मला पुढं आणखी तिघं भेटले. एक स्टोअरकीपर शेखच्या ताटात जेवायचा. त्यानं मला मस्कतचे म्हणून खजूर आणून दिले आणि पुड्यावर आमच्याच गोल बाजारातल्या दुकानाची चिठ्ठी तशीच राहून गेली होती. मी खाल्ले. चांगले होते.

ह्यांना ओळखायची माझी एक युक्ती होती. मी कामाचं काहीच विचारत नसे. विचारायचो, "खायची सोय कशी होती?" थापा मारणारा लगेच उंच इमारती, एसी, मोठ्या गाड्या सांगू लागायचा. जो खरोखर राबून आला तो कुरकुर करायचा. बुटात भाजणारे तळपाय, खोलीतल्या माणसांचं घोरणं, दुपारनंतर टाकीतून येणारं उकळतं पाणी. ज्यानं कुरकुर केली त्याला मी ठेवून घ्यायचो. ह्या चाळणीनं मला बरीच वर्षं दगा दिला नाही.

संजू निमजे त्या चाळणीतून व्यवस्थित खाली आला.

आमचाच माणूस, बुढापाऱ्यातला. त्याचे वडील रेल्वेत होते. पोट्टा म्हणावा असा तो राहिला नव्हता, चाळिशीला टेकला होता, पण आमच्या गल्लीत लग्न होऊन दोन लेकरं झाली तरी माणूस पोट्टाच असतो. अबूधाबीला आठ-नऊ वर्षं काढून परत आला होता. गल्लीत त्याचा थाट काही विचारू नका! डोळ्यांवर काळा चष्मा, बोलण्यात 'शवई शवई', म्हणजे त्यांच्या भाषेत हळू हळू. रिक्षावाल्यालाही शवई शवई. "तिकडं सगळ्यात मोठ्या क्रेनवर ऑपरेटर होतो काका," असं त्यानं सांगितलं. मोबाइलवर फोटोही दाखवले. माझ्या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं ते पाण्याचं, घोरण्याचं आणि डाळीतल्या खड्यांचं. मी मनात म्हटलं, हा खरा.

त्याच वेळी आमचा नेहमीचा ऑपरेटर कावीळ होऊन पडला होता. एका कारखान्याची जुनी लोखंडी चिमणी बदलायची होती आणि त्यासाठी भट्टी बंद ठेवलेली. भट्टी बंद म्हणजे मालकाच्या पोटात दुखणं. सकाळ-संध्याकाळ फोन. संजूकडे ऑपरेटरचं कार्ड होतं. मी त्याच्याकडून प्लेटांचा एक गठ्ठा उचलून, फिरवून ठेवून घेतला. हात जरा जड वाटला, पण नवीन मशीनवर होतं असं. मी हो म्हणालो.

चिमणीचे खालचे तुकडे उभे राहिले ते त्याच आठवड्यात, आणि काही गडबड झाली नाही, कारण ते बुटके होते. मग मधला तुकडा आला. एखाद्या खोलीएवढं पोकळ लोखंड. ते उभ्या चिमणीच्या तोंडावर बरोबर बसवायचं आणि काठाच्या भोकांतून बोल्ट घालायचे. बोल्ट घालायला वर फिरंता.

फिरंता साहू हा आमचा फिटर, आरंगकडच्या गावातला. माझ्यासोबत इतकी वर्षं होता की त्याला माझं मराठी सगळं कळायचं, शिव्यांसकट; बोलायचा मात्र त्याच्या गावच्या बोलीत. चिमणीच्या तोंडाभोवती एक अरुंद जाळीची पट्टी होती, त्यावर तो पट्टा अडकवून उभा होता. खाली उतरायची शिडी एकाच बाजूला. त्याचा जोडीदार शिडीवर खालच्या टप्प्यात थांबलेला. मी जमिनीवर, क्रेनच्या समोर, इशाऱ्यांना. वॉकी-टॉकी तिघांकडे: मी, फिरंता आणि केबिनमधला संजू. तिघांचं चॅनल एकच. पुढचं समजायला हे लक्षात ठेवा, एक बोलला की तिघांनाही ऐकू जायचं.

लोड वर गेला, छान गेला. मी हातानं डावीकडे फिरवायचा इशारा केला, आणि मला ते दिसलं.

केबिनच्या काचेमागे संजूचा डावा हात वर आला. माझ्यासारखाच. त्यानं माझा इशारा आधी स्वतः हवेत केला आणि मग तो हात खाली नेऊन क्रेनचा दांडा ओढला. मला वाटलं, डोळ्यांचा भास. मी 'सावकाश' दाखवलं. पुन्हा डावा हात वर, पुन्हा तोच इशारा, मग दांडा. दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. इशारा तेवढा पाहून त्याची नजर माझ्यावरून सुटायची आणि लोडवर जायची. ऑपरेटर कधी असं करत नाही. इशारा देणारा लोडकडे बघतो, ऑपरेटर इशारा देणाऱ्याकडे. अरे बापा! हा माणूस तिकडं क्रेनमध्ये नव्हता. हा क्रेनच्या समोर उभा होता. जिथं मी उभा होतो तिथं.

हे डोक्यात शिरेपर्यंत मी मूठ वळून चुकलो होतो. थांब.

क्रेन थांबली, लोड थांबला नाही. फिरणारी क्रेन एकदम थांबवली की लोड झोका घेतो. पाळणा थांबवताना आपण हात त्याच्याबरोबर थोडा पुढं नेऊन मग आवरतो ना, तसं ऑपरेटरला क्रेन थोडी पुढं नेऊन लोड पकडावा लागतो. हे कुणी शिकवत नाही, दांड्यावर बसून बसून येतं. संजूला ते येत नव्हतं. त्यानं मुठीचा इशारा पाहिला आणि सरळ ब्रेक मारला. खोलीएवढं लोखंड चिमणीच्या तोंडावरून पुढं गेलं, परत आलं आणि शिडीच्या बाजूचा कठडा त्यानं दाबून वाकवला. फिरंता जाळीवर पालथा पडला. खाली दोर धरून उभे असलेले खलाशी ओरडले.

"फिरंता!" मी वॉकी-टॉकीत.

"हव भैया, बाँचे हँव." वाचला होता, पण आवाज बारीक झाला होता. "फेर सीढ़ी डहर नइ जा सकँव."

लोड शिडीच्या तोंडाशी येऊन डुलत होता. फिरंताला खाली यायला वाट नव्हती. मागं सरकायला चार पावलांची जाळी आणि तिच्या कठड्यापलीकडे काही नाही.

आमचा साइट इंजिनियर तिवारी माझ्याजवळ धावत आला आणि क्रेनकडे बघून ओरडायला लागला, "उतारो इसको! किसको बिठा दिया है ऊपर!" मी त्याचा दंड धरून असा मागं ओढला की त्याचं हेल्मेट पडलं. म्हटलं, "एक शब्द बोललात तर वरचा माणूस मरेल. गप उभे राहा." माझ्या साहेबाशी मी असं कधी बोललो नव्हतो.

करावं तर काय? दुसरा ऑपरेटर नाही. मी स्वतः क्रेनच्या दांड्याला कधी हात लावलेला नाही. लोड उलटा न्यावा तर पुन्हा झोका, आणि ह्या खेपेला तो फिरंताच्या बाजूला. आणि संजूला "तू खोटा आहेस" हे कळू द्यावं तर? केबिनच्या काचेतून मला त्याचं तोंड दिसत होतं, पांढरं पडलेलं. अशा माणसाला उघडं पाडलं की तो दांडे सोडून देतो, नाहीतर घाबरून भलताच ओढतो. बरं, त्याला काही बोलावं तर वर फिरंता सगळं ऐकतोय. आपल्या डोक्यावर लोखंड धरून बसलेला माणूस ऑपरेटर नाहीच हे त्याला कळलं, तर तो पट्टा सोडून वाकलेल्या कठड्यावरून शिडीकडे उडी टाकेल. मीही टाकली असती.

म्हणजे लोड खाली टेकेपर्यंत ते खोटं मलाच सांभाळायचं होतं! मला त्या क्षणी संजूचा इतका राग आला होता की तो समोर असता तर मी त्याला तुडवला असता. आणि वॉकी-टॉकीत मी गोड आवाजात म्हणालो, "संजूभाऊ."

काचेमागे त्याची नजर अजून लोडवरच.

"संजूभाऊ, घाई नाही. लोड शांत होऊ द्या. तोवर सांगा, अबूधाबीला तुमचा फ्लॅगमन कसा होता?"

खरखर झाली. मग म्हणाला, "कडक होता काका."

"ऑपरेटर त्याच्याकडे बघायचा, का लोडकडे?"

"त्याच्याकडे."

"लोडकडे बघितलं तर?"

"तो काम बंद करायचा. शिव्या द्यायचा."

"मग आज तो फ्लॅगमन मी आहो. माझ्याकडे पाहा."

काचेमागचं तोंड सावकाश खाली वळलं. आमची नजरानजर झाली. मला कळलं आहे हे त्याला कळलं. त्याचा हात दांड्यावरून निसटतो की काय असं मला वाटलं, म्हणून मी लगेच बोललो, "तिकडच्याच पद्धतीनं करू. डावा हात तुमचा चालू राहू द्या. आधी हात, मग दांडा. मी तुमच्या हातासाठी थांबीन. शवई शवई."

वरून फिरंताचा आवाज आला. "दुबई के तरीका पाछू सीखबो भैया, पहिली ये ला मोर मूड़ ले हटावव!"

दुबईची पद्धत मागाहून, आधी हे डोक्यावरून हटवा, हे ऐकून खलाशी हसले. मला हसू नाही आलं. पण बरं वाटलं, कारण त्याला अजून काही कळलेलं नव्हतं.

लोडचा झोका मेला. आता मला उलटं काम करायचं होतं. रोज मी इशारा केला की क्रेन हलायची. आता मी इशारा केला की संजूचा हात हलायचा आणि मग क्रेन. तो मधला वेळ धरून मला प्रत्येक इशारा आधी करावा लागत होता, आणि 'थांब' तर लोड जागेवर यायच्या कितीतरी आधी. मूठ वळायची, पलीकडे त्याची मूठ वळलेली बघायची, मग लोखंड सरकताना बघायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. बोटभर उजवीकडे. थांब. झोका मरू दे. पुन्हा बोटभर. सप्टेंबरचं ऊन होतं, घाम डोळ्यात जात होता आणि पुसता येत नव्हता, कारण माझा हात कपाळाकडे गेला असता तर संजूनं तोही इशारा समजून केला असता. ह्यात मी काही वाढवून सांगत नाही. तो त्या वेळी माझ्या हाताला इतका बांधला गेला होता.

लोड शिडीवरून हलला. "फिरंता, वाट झाली. उतर," मी म्हटलं.

"बोल्ट कोन डालही?"

"अरे उतर रे बाबा! गेले बोल्ट खड्ड्यात!"

"दू बित्ता तो बाँचे हे भैया. अब उतरहूँ त फेर कोन चढ़ही?" दोन वीतच तर उरलंय म्हणून तो उठला आणि लोडच्या काठाला हात लावून उभा राहिला. ह्या माणसाचं काय करावं! पण त्याचं बरोबर होतं. लोड आता तोंडाच्या बरोबर वर होता, वाऱ्यानं हलायच्या आत बसवणंच बरं. मी तळहात खाली दाबला. संजूचा तळहात खाली दाबला गेला. "आरिया," फिरंता वरून सांगत होता, "आरिया... अउ थोरिक..." मग लोखंडावर लोखंड टेकल्याचा आवाज आला, आणि वॉकी-टॉकीत "बइठ गे!"

बोल्ट घातले, हुक सुटला. मी तिथंच मातीत बसलो. तिवारीनं पाण्याची बाटली आणून दिली.

संजू केबिनमधून उतरेना. मी वर चढलो. त्याला बघून माझा हात उठला होता, पण ज्या हाताकडे तो इतका वेळ बघत होता, त्याच हातानं कसं मारणार? मी तोंडसुख घेतलं. आईबापापासून सुरुवात केली.

"काहून केलं असं?" मी शेवटी विचारलं.

"पहिल्या वर्षी सासऱ्यानं फोनवर विचारलं, काय काम करता? मी म्हटलं क्रेनवर आहो. त्याले वाटलं ऑपरेटर. मी काही बोललो नाही. सुटीवर आलो तर गल्लीत सगळे तेच म्हणून राहिले होते." तो दांड्यांकडे बघत बोलत होता. "खरं काय सांगू काका? खाली उभा राहून हात हलवतो? हसले असते लोक. जेवणाच्या सुटीत एका पठाणानं मला छोटी क्रेन शिकवली होती. कार्ड पैसे देऊन काढलं. मला वाटलं, जमेल."

"तुले वाटलं! वर माणूस होता."

"माहीत आहे."

"मग त्याला जाऊन सांग. मी नाही सांगणार. तुझ्या घरी काय सांगायचं ते तुझं तू बघ, पण फिरंताला आत्ता, माझ्यासमोर."

आम्ही उतरलो तर फिरंता समोरूनच येत होता, गमछ्यानं तोंड पुसत. संजूला बघून तो वाकला, "आज तैं मोला बचा लेस भैया," म्हणून पाया पडायला लागला. संजू विजेचा झटका बसावा तसा मागं सरला. "नको, नको! मत छू!" आणि त्यानं सांगितलं. हिंदीत, तुटक, काही न लपवता. मी ऑपरेटर नाही. कधीच नव्हतो. तिकडे झंडी दाखवायचो.

खलाशी गोळा झाले होते. मला वाटलं आता मारामारी होणार. फिरंतानं गमछा खांद्यावर टाकला.

"कतका साल झंडी देखाए?"

"आठ-नौ साल."

"कोनो गिरिस? मरिस?"

"नहीं. एक भी नहीं."

"त ओला छोड़ के ऊपर काबर चढ़ेस रे?" ते सोडून वर कशाला चढलास, एवढंच विचारून फिरंता हात धुवायला निघून गेला.

मी संजूला काढून टाकावं असं तिवारीचं म्हणणं. मला काही ठरवता येईना. त्याचे मोबाइलमधले फोटो मी पुन्हा मागून घेतले. एकाही फोटोत तो केबिनमध्ये नव्हता. सगळ्या फोटोंत तो खाली जमिनीवर, अंगावर लाल जाकीट, हात वर, आणि मागं हवेत केवढाले लोड! आमच्या चिमणीच्या कितीतरी पट. हे फोटो मी आधीही पाहिले होते की. क्रेन बघितली, माणूस कुठं उभा आहे ते बघितलं नाही. त्या लोडांखालून सगळे जिवंत घरी गेले होते, आणि ह्या गाढवाला ते सांगायची लाज वाटत होती.

संजूनं घरी सांगितलं. कसं सांगितलं मला ठाऊक नाही. गल्लीत काही दिवस त्याला 'झंडीवाला' म्हणून चिडवणं चाललं. काळा चष्मा बंद झाला, शवई शवईही गेलं. त्याच्या बायकोनं मला बाजारात पाहून तोंड फिरवलं, ते मला लागलं.

चिमणीचा शेवटचा, सर्वांत वरचा तुकडा राहिला होता. भिलाईहून खरा ऑपरेटर आणला. खाली इशाऱ्याला मी उभा राहणार होतो, पण त्या दिवसानंतर माझी मूठ वळताना बोटं कापायची, आणि कापणारी मूठ घेऊन तिथं उभं राहणं हा गुन्हा आहे. मी फिरंताला आदल्या दिवशी स्पष्ट विचारलं, "खाली संजूला उभा केला तर चालेल का? नाही म्हणालास तर माणूस बाहेरून आणतो, तुझ्यावर काही नाही." तो म्हणाला, "देखबो." एवढंच.

सकाळी तो वर चढला. आधीपेक्षा उंच, बोटाएवढा दिसत होता. संजूनं क्रेनसमोर जागा घेतली. लोड जमिनीवरच होता, दोर ताणलेले. मी बाजूला, तिवारी माझ्याजवळ.

वॉकी-टॉकी खरखरली. "खाल्हे कोन हे?"

संजूनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही. हे उत्तर त्याचं होतं.

"मैं हूँ, संजू."

वारा तेवढा चॅनलमध्ये ऐकू येत होता. तिवारी माझ्या कानाशी म्हणाला, "उतर आएगा ये." मला वर फिरंता दिसत होता. त्यानं पट्ट्याचा हुक सोडून पुन्हा अडकवला, ओढून पाहिला, कठड्याला हात लावला. शिडी त्याच्या शेजारीच होती, ह्या वेळी मोकळी.

"हव," फिरंता म्हणाला. "आन दे."

संजूचा हात वर गेला, आणि लोड उचलला गेला.